बारा आणे

ऑरव्हल, तुमचं कुरण मी मारलं.
आधी हेच सांगते, बाकीचं नंतर.
सप्टेंबरात एकदा फवारलं, मेमध्ये पुन्हा,
आणि चाळीस एकर फेस्क्यू
रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं
गंजत गेलं.

हॉबर्टनं कुंपणाशी ट्रॅक्टर थांबवला.
म्हणाला, लव्हॉन, सासऱ्यानं दगड वेचून वेचून
वाढवलेलं गवत हे.
म्हटलं, हो.
आणि याचे पैसे मिळतात तुला?
म्हटलं, डॉलरमागे बारा आणे सरकारचे,
चार आणे माझे.
तो हसला नाही. मीही नाही.

चार आणे म्हणजे दोन गाई.
त्याच, ज्यांच्या शेपटीचे गोंडे झडले होते.
तुम्ही म्हणायचात, थंडीनं.
थंडी नव्हती, ऑरव्हल. पात्याच्या आत बुरशी होती,
बाहेरून हिरवीगार.
जुलैत गुरं पोटापर्यंत तळ्यात उभी राहायची
आणि आपण ओसरीत बसून म्हणायचो,
काय हा मिसूरीचा उकाडा.

टेरिल ऑक्सनर, काउंटी कार्यालयातला पोरगा,
एकतीस पानांचा करार घेऊन आला.
चरायचं कधी, जाळायचं कधी,
कापायचं तर किती इंच ठेवून.
नकाशा काढताना जुन्या फायलीतून
एक कार्बनप्रत घसरली.
एकोणीसशे एक्काहत्तर. तुमची सही,
त्या पहिल्या गोल अक्षराला शेपूट काढलेली.
देशी गवताचा माळ नांगरून
फेस्क्यू पेरण्यासाठी.
सरकारचा हिस्सा: बारा आणे.

टेरिल कानापर्यंत लाल झाला,
जणू त्यानंच मंजूर केलं होतं,
जन्माच्या पंचवीस वर्षं आधी.
मी त्याच्या कपात अजून कॉफी ओतली.
दुसरं काय करणार होते?

बी आलं ते पिसांसारखं.
यंत्रात अडकायचं, मी काठीनं ढोसत बसायची.
निम्मं माझ्या स्वेटरला चिकटलं.
पहिल्या वर्षी उगवलं ते सगळं तण,
माझ्या खांद्याएवढं.
हॉबर्ट रोज गाडी हळू करायचा.
दुसऱ्या वर्षी करंगळीएवढी पाती.
एक उकरून पाहिलं मी, चोरून, माझ्याच रानात:
खाली हातभर मूळ.
परत पुरलं. ते जगलं नाही.

तिसऱ्या मार्चात जाळलं.
न बोलावता हॉबर्ट आला, पाण्याची टाकी घेऊन,
अंधार पडेपर्यंत थांबला,
आणि एकदाही म्हणाला नाही
की ऑरव्हलनं हे पाहिलं असतं तर.

लावा पक्षी अजून आलेला नाही.
टेरिलच्या कागदावर त्याचा रकाना कोरा आहे.
पण काल संध्याकाळी मी गुडघ्यांवर बसले
(डॉक्टरनं नको म्हटलंय)
आणि गवताच्या झुपक्यांमधून
दोन बोटं चालवली,
अक्रोडाएवढं पिल्लू चालेल तशी.
मध्ये उघडी माती, कोरडी, ऊबदार,
डोक्यावर पात्यांचं छप्पर.
सरकत सरकत, एकेक झुपका ओलांडत
बोटं कुंपणापर्यंत गेली.

पलीकडे हॉबर्टचं फेस्क्यू,
गादीसारखं दाट.
तिथं थांबली.