सातवर

भिंत फोडली तेव्हा पात्यांचा ढीगच घरंगळत खाली आला.
गंजून एकमेकांना बिलगलेली, विटकरी,
किती, कोण मोजणार.
रँडल म्हणाला, तेव्हा असंच असायचं:
आरशामागच्या कपाटाला एक चीर,
वापरलेलं पातं तिच्यातून आत सोडायचं,
भिंत गिळून टाकायची.
आणि भिंत भरली तर?
तो हातोडी पुसत हसला.
तोवर राहतंय कोण इथं.

अ‍ॅक्रनमधलं हे घर आम्ही ऑक्टोबरात घेतलं.
आधीची अठ्ठावन्न वर्षं ते ऑर्विल टॅकेटचं.
टायरच्या कारखान्यात रात्रपाळी.
पहाटे अंगाला रबराचा वास घेऊन यायचा,
शेजारच्या डोरीन सांगतात,
आणि दाढी करून झोपायचा.
जग कामावर जायला दाढी करतं,
हा झोपायला.

रेझर त्याच कपाटात सापडला, पायमोज्यात गुंडाळलेला.
हातात घेतला तर चांगला सातेक तोळ्यांचा ऐवज.
मुठीचं टोक पिळलं की वरची दोन दारं उघडतात,
पातं आत निजवायचं, दारं लावायची.
मानेखाली एक कडं, एक ते नऊ आकड्यांचं:
एकला पातं उंबऱ्याआडून डोकावतं,
नऊला थेट अंगणात.
कडं सातवर घट्ट बसलेलं. साबणाचा दगड झालेला.
गरम पाणी, व्हिनेगर, माझाच जुना टूथब्रश.
दुसऱ्या संध्याकाळी ते टक् म्हणालं,
इतकं हळू
की मी वैजयंतीला हाक मारून पुन्हा ऐकवलं.
तिनं ऐकलं, आणि विचारलं, फरशी कधी बसणार?

पहिल्या दिवशी मी सातवरच केली.
का, विचारू नका.
घर त्याचं, आरसा त्याचा,
म्हटलं, आकडाही त्याचाच असू दे.
शिवाय पाच पात्यांच्या प्लॅस्टिकची सवय,
दाबून ओढायची.
तीन ठिकाणी कापलं. हनुवटीखाली तर असं
की लोक म्हणतात ना, बिनपाण्यानं केली,
इथं पाणी मुबलक होतं, तरी तेच.
तुरटी शोधायला अख्खं स्वयंपाकघर उपसलं.

मग दोनवर आलो.
आकडा बदलायचा तर आधी मूठ जरा सैल करायची,
आवळलेल्या गोष्टीला वळवायला जाऊ नये,
हे मला रेझरनं सांगितलं; ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं.
केस कुठल्या बाजूला वाढतात ते आदल्या रात्री
बोटांनी चाचपून ठेवायचं:
डाव्या गालावर खाली,
गळ्यावर मात्र तिरके, कानाकडे,
जणू ते कुणा दुसऱ्याचे.
जोर लावायचा नाही. वजन त्याचं त्यालाच उतरू द्यायचं.
एकोणपन्नास वर्षं वागवलेला चेहरा,
त्याचा भूगोल मला आत्ता कळतोय.

कुंपणापाशी डोरीनना सांगितलं, सातवर होता.
त्या पाण्याची नळी हातात धरून थांबल्या.
हो, ऑर्विल सातचाच. तारेचा ब्रश होती त्याची दाढी.
पण शेवटची वर्षं हात फार थरथरायचा,
मग इमोजीनच करायची त्याची.
दोनवर.
आणि झालं की धुऊन, पुसून,
परत सातवर आणून ठेवायची.
त्याला कळायचं नाही? मी विचारलं.
डोरीननी नळी गुलाबाकडे वळवली.
गालाला कळत नाही होय?

मी सध्या तीनवर आहे. गळ्याला दोन.
काल रँडलनं विचारलं, नव्या भिंतीत ती चीर
बुजवू की ठेवू?
पाती अजून गॅरेजात बादलीत आहेत,
कचरेवाला हात लावत नाही.
आठवड्याला एक धरलं तर वर्षाला बावन्न,
मी हिशेब करायला बसलो,
आणि अर्ध्यात उठून
त्याला म्हटलं, ठेव.