ऑफिसचं काम

ठरलं होतं की कोयना देवरे काकूंकडे राहील
आणि मी एकटी जाईन, तो अबोली कुर्ता घालून,
जो तीन वर्षं "कुठेतरी जायला" म्हणून घडीत पडलाय.
सकाळी आठला काकूंचा फोन:
अगं, आज सिन्नरला साखरपुडा, मी विसरलेच.

म्हणून स्कूटरवर मागे आठ वर्षांची लेक.
"ऑफिसचं काम आहे," गंगापूर रोडला मी सांगून टाकलं.
"ऑफिसच्या कामाला अत्तर लावतात?"
सिग्नल सुटला. बरं झालं.

हेरंब गायधनी, बेचाळीस,
ओझरला प्रयोगशाळेत द्राक्षं तपासतो.
फोटोतल्यापेक्षा केस कमी.
पण माझ्या फोटोत तरी कुठे
शेजारी कुणी होतं?

तो उठला, दोघांच्या टेबलाला
तिसरी खुर्ची ओढून आणली, काही न विचारता,
आणि पोऱ्याला म्हणाला, एका मिसळीची तर्री वेगळी.
एक गुण. मी मोजत नव्हते.

कोयना मोजत होती.
"पोहता येतं?"
"टँकमध्ये. गोदावरीत नाही."
"सतराचा पाढा?"
"एकशे दोनपर्यंत."
"घोरता?"
माझा पापड घशातच आडवा.
"तेव्हा मी झोपलेला असतो," तो म्हणाला,
"त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही."

मग खिशातून त्यानं एक नळी काढली,
दुर्बिणीचं पिल्लू जणू,
आणि पुडीतलं एक द्राक्ष काचेवर पिळलं.
"उजेडाकडे धर. आकडा दिसतो? ती गोडी."
"अठरा!"

झालं. पुढची चाळीस मिनिटं
माझ्या आयुष्यातलं हे पहिलं धाडस
दही, जिलबीचा पाक, शेजारच्या टेबलावरच्या
आजोबांचा चहा मोजण्यात गेलं.
कप त्यांनी स्वतःच पुढे केला, वर विचारलं, किती आली?
तर्रीनं काच लालभडक झाली
आणि त्यानं ती शर्टाच्या टोकानं पुसली.
पांढऱ्या शर्टाच्या.
मला तिथंच काहीतरी झालं.
अ‍ॅसिडिटी, मी स्वतःला म्हणाले.

"आईच्या चहात शून्य येईल," कोयना म्हणाली,
"बाबा म्हणायचा जाड झालीस."
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
जिलबीची बशी फक्त
चार बोटं इकडे सरकली.

परत भेटू, असं कुणीतरी म्हणणार
तेवढ्यात कोयनेला शू लागली.

रात्री दप्तरात सहलीचा फॉर्म सापडला, पांडवलेणीचा.
तातडीच्या वेळी संपर्क: आई.
खालची ओळ, जिच्यावर दरवर्षी मी आडवी रेघ मारते,
तिथे वाकड्या अक्षरांत: द्राक्षकाका. पुढे नंबर नाही.
"हे काय गं?"
"पेन्सिलनं लिहिलंय," पांघरुणातून उत्तर,
"खोडता येतं."

खोडरबर शोधला मी. खरंच शोधला.
कंपासात अगदी वरच होता.
नंबर तर पाठच झाला होता, पण पेन्सिलीला टोक नव्हतं.
मग ते करत बसले,
साल तुटू न देता,
बराच वेळ.