मागचं वजन

अठरा वर्षं मी वल्हं मारलं येलदरीच्या पाण्यावर.
हे पुढं उभे राहून जाळं सोडायचे,
मी मागं बसून होडी धरून ठेवायची.
धरून ठेवणं हे काम दिसत नाही,
होडी हलली तरच दिसतं.

मग पक्षी मोजायला आलेल्या कुण्या सायबानं
जाताना मोटर विकली आम्हाला,
हातभर दांडा, वाटीएवढा पंखा,
आवाज म्हणाल तर
मांजर झोपेत घुरघुरावं इतका.
तू आता घरी राहा, हे म्हणले.
चांगल्या मनानंच म्हणले.
राहिले. तळहाताचे घट्टे मऊ पडले,
वल्हं चुलीमागं उभं केलं, त्याला मिरच्यांची माळ अडकवली.

एकोणतीस किलोची होती पहिली बॅटरी, शिशाची.
दोघांनी दोन कडा धरल्याशिवाय
धरणाची दगडं उतरायची नाही,
रुसलेल्या चुलतसासूसारखी.

नवी लिथियमची आणली जिंतूरहून, शकूरच्या दुकानातून,
एसटीत, माझ्या मांडीवर.
अकरा किलो. कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
म्हणले, लेकरू.
माझं अर्धं तिकीट फाडलं, तिचं फाडलंच नाही.

शकूरनं बजावलं होतं:
जुना चार्जर हिला लावायचा नाही.
उन्हात ठेवायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही.
शेवटपर्यंत एकाच चालीनं चालेल.
अंदर चौकीदार बैठा है, भाभी,
त्याला वाटलं पुरे, की तो दार लावतो.
विचारत नाही.

पहिल्या दिवशी हे एकटेच गेले.
जाळं ओढायला पुढं सरकले
अन् होडीचं बूड वर,
पंखा पाण्याबाहेर, नुसता वारा घुसळतोय.
शिसं इतके दिवस गुपचूप काय दाबून बसलं होतं
ते कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

संध्याकाळी म्हणले, मागं धोंडा ठेवावा लागंल, वीसेक किलोचा.
मी भाकर थापत होते.
धोंडा कशाला? मी हाय की.
चौपन्न किलो, सरकारी दवाखान्याच्या काट्यावर.

जुनी थकायची ती सांगून थकायची.
आवाज खाली यायचा, होडी रेंगाळायची,
काठ दिसत असतानाच कळायचं, फिरा माघारी.
हिचं तसं नाही.
वैशाखातली दुपार, मधोमध पाणी,
जाळ्यात तीन कटले अजून उडतायत,
आणि पुऱ्या जोरात चालता चालता
बंद.

मला धाकटी जाऊ आठवली.
त्या दिवशी सकाळी दोरीवर लुगडं टाकताना हसत होती.

ह्यांनी दांडा हलवला, वायर काढली, लावली,
तोंडानं फुंकली सुद्धा.
शकूरला फोन लावला, रेंज नाही.
मी फळीखाली हात घातला
अन् वल्हं काढलं.
मिरच्यांचा वास होता अजून त्याला.
कधी ठेवलंस?
तुम्ही धोंडा म्हणले त्याच रात्री.

काठाला तीन तास लागले.
घट्टे गेलेले, फोड आले.
मधे एकदा हे म्हणले, दे इकडं.
दिलं नाही.
ती निळ्या पिंपाच्या तुकड्यात, माझ्या पायाशी,
कासवासारखी गप्प. आतला चौकीदार
झोपलेला की जागा, कुणास ठाऊक.

रात्री फोडांना हळद लावली, तिला चार्जर लावला.
दीडला लाइट गेली, अडीचला आली.
दोनदा उठून दिवा बघितला,
तापातल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा
हातही लावला.
गारच होती.
हे कूस बदलून म्हणले, झोप आता.
पहाटेला जायचंय.
दोघांना.