काट्याचं वजन

अरण्येश्वरच्या उतारावर रद्दीचं दुकान आहे.
तिथे मी आज न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन गेले,
वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून,
विसर्जनाला मूर्ती नेतात तसा.

ताजुद्दीनभाईंनी तो उलटासुलटा केला.
'चालू आहे की,' म्हणाले, 'मोडीत कशाला?'
मी म्हटलं, चालू आहे म्हणूनच.

मग त्यांनी माझा काटा त्यांच्या काट्यावर ठेवला.
सात वर्षांत पहिल्यांदाच
त्याला कुणीतरी विचारलं,
तुझं किती?

बावीस रुपये झाले.
त्याचे दोन चिक्कू घेतले, एक तिथेच उभ्याने खाल्ला.
दुसरा पिशवीत,
घरी येईपर्यंत माझ्याशी वाद घालत होता.

*

सगळ्यांना वाटायचं, शलाका देवाचं फार करते.
सोमवार झाला, गुरुवार झाला, एकादशी, संकष्टी,
मग कुठल्याशा पोथीत सापडलेला मंगळवार.
कुमुदआत्या पाहुण्यांना सांगायची,
'या वयात एवढी निष्ठा!'
आणि मी मान खाली घालायची,
ती त्यांना नम्रता वाटायची.

भिंतीवरचं कॅलेंडर ही माझी लपायची जागा होती.
भीतीला मी देवाचं नाव दिलं होतं
आणि देव बिचारा
काही न बोलता आळ घेत राहिला.

नाडगौडा बाई म्हणाल्या, 'या वर्षी एकही उपास नाही.'
मी म्हटलं, देवाला काय सांगू?
त्यांनी चष्मा पुसला, लेटरहेड ओढलं,
आणि खरोखर चिठ्ठी लिहिली:
प्रकृतीच्या कारणास्तव सूट मिळावी.
खाली सही, शिक्का.

ती चिठ्ठी देव्हाऱ्यात आहे,
हळदीकुंकवाच्या डबीखाली.
अजून तरी वरून हरकत आलेली नाही.

*

आज संकष्टी. चंद्रोदय नऊ अडतीस.
बाबांनी सातलाच पान वाढलं.
मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार.
दापोडीच्या वर्कशॉपात तीस वर्षं
एसटीचे गिअरबॉक्स खोलले त्यांनी,
आता फ्रीजवर त्यांच्या अक्षरात कागद आहे:
'पाणी चौपट. शिट्ट्या पाच. घाई नको.'

घाई नको, हे कुकरसाठी.
तरी मी ते रोज वाचते.

पहिला घास गेला.
दुसऱ्याला डोक्यातली ती बाई उठून बसली,
ती माझ्याच आवाजात बोलते, हेच वाईट.
मागच्या महिन्यात मी तिचं ऐकलं होतं,
चार दिवस ऐकलं, आणि पाचव्या दिवशी
जिन्यातच बसले, वर चढवेना.
बाबा शेजारी येऊन बसले.
रागावले असते तर सोपं गेलं असतं.

आज ते माझ्या ताटाकडे बघत नाहीत.
बघायचं नाही, असं बाईंनी त्यांना शिकवलंय.
ते मिठाच्या बरणीकडे इतकं निरखून बघतात
की मला हसू येतं,
आणि हसताना तिसरा घास जातो,
कसा ते कळत नाही.

नंतर भांडी. नंतर बराच वेळ रडणं, नळ सोडून.
मग नळ बंद करून.

नऊ अडतीसला गॅलरीत गेले.
ढग होता. नऊ पन्नासला चंद्र आला,
पद्मावतीच्या पाण्याच्या टाकीमागून,
एका बाजूने खाल्ल्यासारखा.
मी हात जोडले. हातांना मेतकुटाचा वास होता.
काही मागितलं नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मी त्याच्यासमोर न थरथरता उभी होते.

आत बाबा शब्दकोडं घेऊन बसलेत.
'आडवा सहा,' ते ओरडून विचारतात,
'पोट भरल्यावर येते ती. दोन अक्षरी.'
आणि मी सांगायच्या आत
पेन्सिलीने लिहून मोकळे होतात: झोप.

मला दुसरा शब्द माहीत आहे.
अजून तो माझ्याकडे राहायला आलेला नाही,
एखाददुसऱ्या दिवशी दारातून डोकावतो इतकंच.

राहू दे, बाबा.
झोपही चालेल.