अर्थ लागत नव्हता

इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा मान हलवायचा.
टिक् टिक्, हो हो. टिक् टिक्, हो हो.
शेजारचा तापमानाचा काटाही त्याच तालावर.
हेडलाइट लावले की टाकी अर्धी,
मालवले की पुन्हा तळाशी.
दिवे लावून टाकी भरते, हे मला नवीन होतं.

कॉटन ग्रीनचा मेकॅनिक बॉनेटही न उघडता म्हणाला,
अख्खं क्लस्टर बदला, साडेसहा हजार,
तेही मिळालं तर. झेनचं आता कुठे काय मिळतं.

एकतीस वर्षं मी लोकांच्या घरचे मीटर तपासले.
धावणारे, अडखळणारे,
कुणी चुंबक लावून निजवलेले.
काटा आपणहून खोटं बोलत नाही,
त्याला कुणीतरी बोलायला लावतं.

तर रविवारी, वडाळ्याला, आमच्या इमारतीमागे,
पाण्याच्या पंपाशेजारी,
दहा नंबरचा पाना, बॅटरीची निगेटिव्ह सुटी,
चार स्क्रू, त्यातला एक सीटखाली गेला तो गेलाच,
मागे हात घालून स्पीडोमीटरची केबल चिमटीत दाबली
आणि पॅनेल बाहेर ओढलं.
पाठीवर तपकिरी पातळ पापुद्रा,
त्यावर तांब्याच्या वाटा, एकही तुटलेली नाही.
बॅटरी परत जोडली.

विद्याधर ड्रायव्हरच्या सीटवर.
गेल्या वर्षापासून त्याला मधलं दिसत नाही, फक्त कडा.
चालवायची नाही, डॉक्टर म्हणाले.
बसायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही.
मी म्हणते, डावा. तो डावा लावतो.
मी म्हणते, दिवे. तो दिवे लावतो.
मध्येच म्हणाला, "डावीकडचा एक बल्ब गेलाय,
टिकटिक घाईत आहे."
जाऊन पाहिलं. मागचा गेला होता.

लोहार चाळीतून आणलेला पिवळा मल्टिमीटर.
काळा प्रोब लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला,
लाल प्रोब पॅनेलच्या काळ्या वायरीला.
इथे शून्य यायला हवं.
पावणेदोन व्होल्ट.
आमच्या खात्यात म्हणायचे, अर्थ लागत नाहीये,
आणि बाहेरच्या माणसाला वाटायचं
या बायका टेबलावर कविता घेऊन बसल्यात.

काळ्या वायरीमागे बोटं नेत गेले,
डाव्या दाराच्या आत, पायपुसण्याच्या वर,
तिथे एक बोल्ट, हिरव्या पांढऱ्या खरवडीने माखलेला.
मिठागरं बुजली, टॉवर आले,
मीठ मात्र हवेतून येतच राहिलं
आणि बसायला त्याला हीच जागा सापडली.
काचकागदाने घासला. पत्रा चमकेपर्यंत.
वर बोटभर व्हॅसलीन, हिवाळ्यात त्याच्या टाचांना लावते तेच.
बोल्ट आवळला.

"लाव आता डावा. दिवे पण."

पावणेदोनचं शून्य झालं.
काटे गप्प.
"किती दाखवतोय?" त्याने विचारलं.
क्षणभर वाटलं, अर्धी म्हणावं.
कितीतरी रात्री आम्ही त्या अर्ध्या टाकीच्या भरवशावर
शिवडीच्या खाडीपर्यंत जाऊन आलो होतो,
काटा खोटा, पण परत आलो होतो.
"लाल रेघेच्या जरा वर," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही.
मग गिअरवरून एक पाय पलीकडे टाकला,
गुडघा कडकन वाजला, दुसरा पाय ओढून घेतला,
आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.
"पंपापर्यंत पुरेल," म्हणाला.

माझं लायसन्स कपाटात होतं,
वेळच्या वेळी नवं करून घेतलेलं,
कधी न वापरलेलं.
वर जाऊन घेऊन आले. चष्माही.
सीट पुढे ओढली. ती ऊन आणि त्याच्या पाठीने गरम होती.

"निघताना इंडिकेटर," तो म्हणाला.
लावला. काटा हलला नाही.
हात हलत होते, ते त्याला दिसणार नव्हते,
किंवा कडेने दिसलेही असतील.

गेटजवळ वॉचमनची सायकल आडवी.
जोरात ब्रेक मारला,
आणि सीटखालून घरंगळत
तो चौथा स्क्रू माझ्या पायाशी आला.