लारी

दाभोळच्या जेटीशी, परकारच्या डब्यात
गंजक्या गळांमध्ये एक दुमडलेली तार.
चाळीस म्हणाला. तीस दिले.

गुहागरला पोतदारांनी ती कसोटीवर घासली नाही.
काचेवर टाकून नाद ऐकला,
तागडीत धरली: पावणेपाच ग्रॅम, जरा कमीच.
"लारी. बंदरातलं चलन."
भिंगाखाली फारसी अक्षरं, अर्धीच;
उरलेली ठशावरच राहून गेलेली.

वाकाजवळ छिन्नीचा घाव.
"हा कुणा सराफाचा. त्यालाही
तुमच्यासारखीच शंका आली असणार."
मग आकडा सांगितला.
माझा चहा निवला.

परतताना फेरीबोटीवर नेमका परकार.
"गळ कसा निघाला?"
"बोथट," म्हटलं,
आणि खिशातल्या खिशात अंगठ्यानं
तो घाव
चाचपत राहिलो.