चार काटे

धाटाचं भेंड सोलून गुट्टे सरांनी
हायड्रोजन केले चार, पांढरेफटक.
कार्बन काही सापडेना.
तहेसीन पळत जाऊन घेऊन आली
अब्बाच्या इस्त्रीतला विझलेला कोळसा.
बाभळीचे काटे रुतवले. तीन पायांवर
मिथेन उभा राहिला गंगाखेडच्या शाळेत,
चौथा हात वर.

'हा देऊन टाकत नाही, हिसकतही नाही.
भागीत धरतो.'

मागून कावेरी:
'म्हंजे आमची न् लोमटे काकूची भिंत, सर!
खुंटी एकच, आरपार.
इकडं माझं दप्तर, तिकडं त्यांची चाळणी.'

सर थांबले. खडू तसाच बोटांत.
'आणि दुहेरी बंध?'
'दोन खुंट्या.'

रात्री कोळसा पुन्हा इस्त्रीत गेला.
तहेसीननं फुंकर मारली.
आधी लाल झाली
काट्यांची चार भोकं.